सरकारचा पैसा, समाजाची शाळा

(भडगाव येथे पालक, शिक्षक आणि संस्थाचालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



जून महिना जवळ आला की गिरणाकाठच्या गावांतून पटसंख्येची चर्चा सुरू होते. इंग्रजी शाळेच्या गाडीत कुणाची मुले बसली, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला किती नावे लागली, संस्थेच्या विद्यालयातील आठवीची तुकडी टिकली की तुटली, याचे हिशेब पारावर मांडले जातात. पटावर शिक्षकाचे पद अवलंबून असते आणि पदावर एका कुटुंबाचा चरितार्थ, म्हणून या चर्चेला धार असते. मात्र तिच्यात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकत्र कालवले जातात. शाळेचा खर्च कोणी करावा, हा एक. शाळा कोणी चालवावी, हा दुसरा. या दोहोंची फारकत करून पाहिल्याशिवाय ‘सरकारी की खाजगी’ या वादाला काही अर्थ उरत नाही.

अमेरिकेत ही फारकत कायद्याने करण्यात आली. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये तसा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात त्या कायद्याखालील पहिली शाळा उघडली. तिकडे तिला चार्टर शाळा म्हणतात. चार्टर म्हणजे सनद. पैसा सरकारचा, शिक्षण विनाशुल्क, प्रवेश सर्वांना खुला, अर्ज जागांपेक्षा अधिक आले तर सोडत. शाळा चालवणारे मंडळ मात्र स्वतंत्र. शिक्षक कोण नेमावेत, वेळापत्रक कसे असावे, कोणत्या पद्धतीने शिकवावे, हे त्या मंडळाने ठरवायचे. त्याच्या बदल्यात काही वर्षांच्या मुदतीची सनद मिळते, आणि ठरलेले काम झाले नाही तर ती पुढे चालू ठेवली जात नाही. आज तेथे अशा सुमारे आठ हजार शाळा असून त्यांत सदतीस लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. आपल्याकडील काही विद्वानांना हा प्रयोग अत्यंत नवा वाटतो आणि तो महाराष्ट्रात आणावा असे ते आग्रहाने सुचवतात.

वास्तविक तो महाराष्ट्रात केव्हाच आलेला आहे. इंग्रज सरकारने १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. १८८२ च्या हंटर आयोगाने तर माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे आणि ते काम अनुदानाच्या आधारे खाजगी प्रयत्नांवर सोपवावे, अशी शिफारस केली. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो मूठभरांच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा, असा त्यांचा रोकडा सवाल होता, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. सार्वजनिक पैशाचा लाभ शेवटी कोणाच्या पदरी पडतो, ही कसोटी त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लावली. आजही तीच लावावी लागते.

अनुदानाच्या या व्यवस्थेने महाराष्ट्राला काय दिले, ते आधी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी १८८० च्या १ जानेवारीला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. खानदेशापुरते बोलायचे तर अमळनेरचे प्रताप हायस्कूल डोळ्यांसमोर येते. तेथे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहीत. असे काम कोणत्याही सेवाशर्तींत लिहिलेले नसते आणि कोणत्याही निरीक्षकाच्या तपासणी अहवालात मावत नाही. खाजगी संस्थेच्या शाळेतच ते घडते असे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतही वस्तीवर राहून मुले घडवणारे गुरुजी होऊन गेले आणि आजही आहेत. परंतु संस्थेला आपली माणसे पारखून घेता येतात, त्यांना मोकळीक देता येते, हा तिचा खरा लाभ.

दुसरा लाभ निव्वळ व्यवहाराचा आहे. राज्याने स्वतः माध्यमिक शाळा फारशा काढल्या नाहीत. तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या खेड्यांत आज दिसणारी बहुतेक विद्यालये संस्थांची आहेत. कुणी जमीन दिली, कुणी सागाची लाकडे दिली, कापसाचा हंगाम साधला त्या वर्षी गावाने वर्गणी काढली आणि दोन खोल्या उभ्या राहिल्या. सरकारने वेतन दिले. जागा, इमारत आणि देखरेख समाजाने दिली. खेड्यातील शेतमजुराची मुलगी आठवीनंतर घरी न बसता दहावीपर्यंत पोहोचली, त्याचे फार मोठे श्रेय शाळा पायी जाण्याच्या अंतरावर आली याला आहे. अनुदानाचा प्रत्येक रुपया येथे दुप्पट फळला असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

मग बिघडले कोठे?

अमेरिकेतील सनदेला मुदत असते. आपल्या अनुदानाला ती नाही. एकदा शाळा अनुदानावर आली की ती अनुदानावरच राहते, आणि शाळेने काय शिकवले हा प्रश्न अनुदानाच्या कोणत्याही टप्प्यावर गंभीरपणे विचारला जात नाही. विचारला जातो तो पट. किती मुले, किती तुकड्या, किती पदे. याच्या उलट टोकाला २००१ चे ‘कायम विनाअनुदान’ धोरण आले. शाळा काढा, पण पैसे कधीच मागू नका, असे त्याचे स्वरूप होते. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला आणि मग वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान देण्याचा क्रम सुरू झाला. दरम्यान असंख्य शिक्षकांची उमेदीची वर्षे नाममात्र मानधनावर किंवा त्याशिवाय गेली. दिवसा शाळेत गणित शिकवणारा आणि सुटीत दुसऱ्याच्या शेतावर राबणारा शिक्षक ही या धोरणाने निर्माण केलेली व्यक्तिरेखा आहे. त्या वर्षांचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, परंतु तो सार्वजनिक खर्चच होता. फक्त तो शिक्षकाच्या घरातून वसूल झाला.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांना अनेक संस्थाचालक नावे ठेवतात. कामचुकार शिक्षकालाही हात लावता येत नाही, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. परंतु हा कायदा होण्यापूर्वी अध्यक्षांची मर्जी फिरली की शिक्षकाची नोकरी जात असे, हेही सांगायला हवे. स्वायत्तता मागणाऱ्याने ती कोणासाठी मागितली आहे, हे स्वतःला विचारावे. शिकवण्याची स्वायत्तता हवी असेल तर तिला समाज पाठिंबा देईल. नेमणुकीची स्वायत्तता हवी असेल तर समाज आधी खिशाकडे पाहील.

हे बोलणे कठोर वाटेल, पण त्याला कारण आहे. शिक्षकाच्या पदासाठी संस्थेला ‘देणगी’ द्यावी लागते, ही गोष्ट खानदेशातील कोणत्याही डी.एड. अथवा बी.एड. झालेल्या तरुणाला समजावून सांगावी लागत नाही. वडिलांनी जमीन विकून भरलेली रक्कम त्याला ठाऊक असते. याच अनाचाराला आळा घालण्यासाठी २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ प्रणाली आणावी लागली. संस्थांना गुणवत्ता यादीतून आलेल्या उमेदवारांतूनच निवड करण्याचे बंधन आले. तरीही २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट ‘शालार्थ’ क्रमांक तयार करून अपात्र व्यक्तींच्या नावे शासनाचे वेतन उचलल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि त्यात शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांनाच अटक झाली. घेणारा संस्थेत असतो, तसा तो कार्यालयातही असतो. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याचे चालत नाही.

पटाचेही तसेच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली. एका मुलाची दोन शाळांत गणती होऊ नये म्हणून बोटाला शाई लावण्यात आली. निवडणुकीतील मतदाराला लावतात ती शाई पहिली-दुसरीतल्या लेकरांच्या बोटावर लावण्याची पाळी ज्या राज्यावर आली, त्या राज्यातील शिक्षणसंस्थांनी मान खाली घालायला हवी होती. हजेरीपटावरची लाखो नावे प्रत्यक्षात वर्गात नव्हती. ती नावे पोषण आहाराचा तांदूळ खात होती, तुकड्या टिकवत होती, पदे मिळवत होती. अमेरिकाही याला अपवाद नाही. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये एका आंतरजालीय सनदी शाळांच्या जाळ्यावर खटला भरण्यात आला. ज्या मुलांना प्रत्यक्षात काहीच शिकवले गेले नाही अशांची नावे दाखवून सरकारकडून कोट्यवधी डॉलर घेतल्याचा तो आरोप होता. डोकी मोजून पैसा द्यायचा म्हटले की डोकी वाढवण्याचा मोह सर्व देशांत सारखाच होतो.

आता शिकवण्याच्या दर्जाकडे वळू. खाजगी व्यवस्थापन आले की शिक्षण आपोआप सुधारते, या समजाला आकडे फारसा आधार देत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने २००९ मध्ये अमेरिकेच्या सोळा प्रदेशांतील सनदी शाळा तपासल्या. गणितात शंभरातील सतरा शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, सदतीस त्यांच्यापेक्षा वाईट, आणि उरलेल्या शेहेचाळीस त्यांच्यासारख्याच. त्याच केंद्राचा २०२३ चा अहवाल अधिक अनुकूल आहे: सनदी शाळेतील मूल वर्षाकाठी वाचनात सोळा दिवसांच्या आणि गणितात सहा दिवसांच्या अभ्यासाइतके पुढे असल्याचे त्यात आढळले. चौदा वर्षांत ही सुधारणा झाली, तिच्यामागे नापास शाळांच्या सनदा काढून घेण्याचाही वाटा आहे, असे मानायला जागा आहे. तेथे शाळा बंद पडते. ती बंद पडली की मुलांना दुसरी शाळा शोधावी लागते, हा त्या पद्धतीचा खर्च; सर्वात जास्त तो ज्यांच्या घरी गाडी नाही अशांना सोसावा लागतो.

मुंबईत आणि पुण्यात याच्याशी अगदी मिळतीजुळती उदाहरणे आहेत. वरळी परिसरात ‘मुक्तांगण’ने २००३ पासून आणि दोन्ही शहरांत ‘आकांक्षा’ने २००७ पासून महापालिकेच्या इमारतींत शाळा चालवल्या. इमारत, पुस्तके, आहार पालिकेचा. शिक्षक आणि त्यांचे प्रशिक्षण संस्थेचे. झोपडवस्तीतील मुले तेथे आत्मविश्वासाने बोलताना दिसतात. त्यांचे कौतुक करताना एक तपशील विसरला जातो. या शाळांच्या खर्चाचा मोठा भाग देणगीदार देतात. भडगाव तालुक्यात असा देणगीदार आणायचा कोठून? केळीचा भाव पडला आणि गिरणेला आवर्तन सुटले नाही तर येथील व्यापारपेठ स्वतःच उधारीवर चालते. महानगरातील प्रयोग खेड्यात उचलून आणताना त्याच्या पाठीमागचा पैसा तेथेच राहतो, हे ध्यानात ठेवावे.

आणि आता त्या खर्चाबद्दल, जो कोणत्याच जमाखर्चात लिहिला जात नाही. एका वस्तीवरील पहिली ते चौथीची शाळा घ्या. पट पासष्ट. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार साठपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन. म्हणजे येथे तीन शिक्षक. समजा, रस्त्यापलीकडे नवी शाळा निघाली आणि दहा मुले तिकडे गेली. पट पंचावन्न झाला, तिसरे पद गेले. आता चार इयत्तांना दोन शिक्षक. त्यांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार, म्हणजे आहाराच्या नोंदी, माहितीचे ऑनलाइन तक्ते, बैठका. उरलेल्या पंचावन्न मुलांना प्रत्यक्षात दीड शिक्षक मिळतो. दहा मुलांच्या पालकांनी आपल्या लेकरांचे हित पाहिले, त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. परंतु पंचावन्न मुलांच्या शिक्षणातून एक माणूस वजा झाला, आणि त्यांच्या आईबापांना कोणी विचारलेही नाही. पुढच्या वर्षी आणखी दहा जातील, कारण शाळा आता खरोखरच पूर्वीपेक्षा कमकुवत झालेली असेल.

मागे राहतात ती कोणाची मुले? कापूस वेचणीच्या हंगामात आईबरोबर शेतात जाणारी, ऊसतोडीला आईबाप गेले म्हणून आजीजवळ ठेवलेली, बस-गाडीचे भाडे न परवडणारी. एका घरातला मुलगा इंग्रजी शाळेच्या गाडीत आणि मुलगी गावच्या शाळेत, हे दृश्यही दुर्मीळ नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असून त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक आहेत, अशी आकडेवारी २०२३ मध्ये शिक्षण विभागाने दिली आणि त्याच वेळी समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला. आपल्या खानदेशातील तोरणमाळचे उदाहरण त्यासाठी पुढे करण्यात आले. सहा मुलांमागे एक शिक्षक, हा भागाकार मांडला की खर्च उधळपट्टीचा वाटतो. पण तोच भागाकार वस्तीवर उभे राहून केला तर सहा वर्षांच्या मुलीला नाला ओलांडून चार किलोमीटर पाठवायचे की नाही, असा प्रश्न त्यातून निघतो. आणि पावसाळ्यात बहुतेक आया त्याचे उत्तर ‘नाही’ असेच देतील.

पंचवीस टक्के राखीव प्रवेशांची तरतूदही याच हिशेबात मोडते. विनाअनुदानित शाळेत दुर्बल घटकांतील मुलाने शिकायचे आणि सरकारने त्याचे शुल्क शाळेला द्यायचे. महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती वर्षाला १७,६७० रुपये ठरलेली होती. ती वर्षानुवर्षे थकते, अशी शाळांची तक्रार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या प्रवेशांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलाशेजारी बसता आले पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने राखले; समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने त्याचे स्वागतच करावे. मात्र जवळच्या सरकारी शाळेतून तेच मूल कमी झाले, हा शासनाचा मुद्दाही निव्वळ कांगावा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून तर हिशेब अवघड आहे.

सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने सरकारी शाळा उद्योगसमूहांना व दात्यांना पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक देण्याची योजना आणली. शाळेच्या नावाला दात्याचे नाव जोडण्याची सोय तीत होती. रंगरंगोटी, संगणक, स्वच्छतागृहे, हे सारे स्वागतार्ह. पण दत्तक घेणाऱ्याने दहा वर्षांनी मूल परत करायचे, अशी रूढी आपल्याकडे नाही.

या साऱ्यातून निर्णय काय निघतो? खाजगी हाती शाळा देण्याला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. समाजाने स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेणे हा आपल्या परंपरेचाच भाग आहे, आणि परकीय सरकारची मेहेरबानी नाकारून राष्ट्रीय शिक्षण देणारे तळेगावचे समर्थ विद्यालय १९१० मध्ये इंग्रजांनी बंद पाडले होते, हा इतिहास विसरता येणार नाही. ज्याला पूर्ण स्वातंत्र्य हवे त्याने त्या वाटेने जावे, त्याची किंमत मोजावी. परंतु ज्या शाळेचे वेतन करदाता देतो, ती शाळा संस्थेची मिळकत नसते. तिच्या दारात आलेल्या कोणत्याही मुलाला परत पाठवता येत नाही. तिच्या शिक्षकाची निवड पैशावर होऊ शकत नाही. आणि शेजारच्या कमकुवत शाळेची मुले ओढून तुकडी वाचवणे हा पराक्रम ठरत नाही.

येथे बसलेल्यांपैकी अनेक जण निरनिराळ्या संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. त्यांनी शिक्षणहक्क कायद्याचे कलम एकवीस एकदा वाचावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, असे ते सांगते. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतील या समितीचे काम केवळ सल्ल्यापुरते उरले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मजूर आईला शाळेच्या खर्चाबद्दल विचारण्याचा अधिकार आहे. त्याच आईची मुलगी आठवीत संस्थेच्या विद्यालयात गेली की तो अधिकार संपतो, जरी तेथील वेतनही तिच्याच करातून होत असले तरी. कायद्याने सल्ल्याची मर्यादा घातली आहे. त्याहून अधिक ऐकण्याला मनाई केलेली नाही. ज्या संस्था स्वतःला ध्येयवादी म्हणवतात त्यांनी पालक समितीपुढे हिशेब ठेवण्यास कायद्याची वाट का पाहावी?

सुरुवात छोटी करता येईल. विद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर एक फलक असावा: या वर्षी वेतन अनुदान किती आले, वेतनेतर किती आले, पालकांकडून कोणत्या नावाने किती घेतले, रिक्त पदे किती, पाचवीला आलेल्यांपैकी दहावीपर्यंत किती पोहोचले, आणि जे पोहोचले नाहीत ते कोठे गेले. शेवटचा रकाना भरताना मुख्याध्यापकांना चार घरी जावे लागेल. काही पदाधिकारी म्हणतील, असा फलक लावला तर संस्थेच्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. ती माहिती आजही गुप्त नाही. शासनाच्या पैशावर चालणारी शाळा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली येते. दहा रुपयांचे तिकीट लावून कोणीही ती मागू शकतो. फलक असला तर त्याला अर्ज करावा लागणार नाही.